तंबूतल्या राजाने दिलेले पत्र



ह्युएन-त्संग हे नाव आपल्या घरांत नवीन नाही. हा चिनी भिक्खू नालंदेला शिकला, सम्राट हर्षवर्धनाला भेटला, पोथ्या घेऊन मायदेशी परतला, एवढे शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते आणि पाठ पुढे सरकतो. परीक्षेला तेवढे पुरतेही. पण हा माणूस चीनहून नालंदेपर्यंत आला कसा, असे घरातल्या मुलाने विचारले तर आपण काय सांगणार? तेव्हा आगगाडी नव्हती की मोटार नव्हती. वाटेत वाळवंट, बर्फाचे डोंगर आणि परके मुलूख. त्यातून स्वतःच्या बादशहाची परवानगीही त्याच्याजवळ नव्हती. तो बंदी मोडून निघाला होता. मग त्याला वाट कोणी दिली?

उत्तर असे आहे की, ही वाट त्याला तंबूत राहणाऱ्या भटक्या लोकांनी दिली. त्यांचे नाव तुर्क. ही हकिगत बौद्ध घरांत सांगितली गेली पाहिजे, असे आम्हाला वाटते. आपल्या धाराशिव जिल्ह्यात दिवाळी झाली की गावाबाहेरच्या माळावर पाले पडतात, त्यांच्याशीही तिचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

गवताळ मुलखाचे धनी

तुर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुलतान, किल्ले आणि तोफा येतात. ती पुढची गोष्ट झाली. सहाव्या-सातव्या शतकातले तुर्क मंगोलियापासून पश्चिमेकडे पसरलेल्या गवताळ माळावर मेंढ्या, घोडे आणि उंट राखणारे लोक होते. इ.स. ५५२ मध्ये त्यांनी मोठे राज्य उभे केले. पुढे त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. राज्य मोठे, पण राहणी फिरतीची. उन्हाळ्यात थंड डोंगरावर, हिवाळ्यात उबदार खोऱ्यात. गवत संपले की बिऱ्हाड हलले.

त्यांचे घर म्हणजे घडीचा गोल तंबू. लाकडी पट्ट्यांची उघडझाप होणारी जाळी उभी करायची, वर गोल छत, छताला धूर जायला भोक आणि सगळ्यावर नमद्याचे आवरण. नमदा म्हणजे न विणलेले लोकरीचे जाड कापड. लोकर पसरून, पाणी मारून, गुंडाळून, तुडवून तुडवून ती एकजीव करतात. आपल्या बालाघाटच्या डोंगरात मेंढ्या चारणाऱ्या धनगराची घोंगडी विणलेली असते, यांचा नमदा दाबलेला असतो, पण ऊब एकच. अशा तंबूत आजही किर्गिझ लोक उन्हाळा काढतात. किर्गिझस्तान स्वतंत्र झाल्यावर १९९२ साली त्या देशाने जो ध्वज स्वीकारला, त्यावर सूर्याच्या मध्यभागी तंबूच्या छताचे ते गोल भोक काढलेले आहे. आपल्या भटक्या आजोबांच्या घराची त्यांना लाज वाटली नाही. उलट ते त्यांनी झेंड्यावर मिरवले.

शेजारची शेती करणारी राज्ये मात्र या लोकांना रानटी म्हणत. तरीही चीनचे रेशीम ज्या वाटेने पश्चिमेला जाई, तिचा मोठा भाग तुर्कांच्या मुलखातून जात होता. त्यांचे अभय असेल तरच व्यापाऱ्यांचा तांडा सुखरूप पार पडे.

भिक्खू निघाला

ह्युएन-त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास निघाला. आजच्या तुर्फानजवळ गाओचांग नावाचे राज्य होते. तिथला राजा बौद्ध. त्याला हा विद्वान भिक्खू इतका आवडला की तो त्याला सोडीचना. तेव्हा ह्युएन-त्संगाने अन्नपाणी वर्ज्य केले. तीन दिवस गेले, त्याचा श्वास मंदावला, तेव्हा राजा नमला. मग मात्र त्याने सगळी तयारी करून दिली. तीस घोडे दिले, पंचवीस माणसे दिली, आणि वाटेतल्या चोवीस राज्यांच्या नावे चोवीस पत्रे दिली. तुर्कांच्या प्रमुखासाठी वेगळे पत्र, रेशमाचे पाचशे तागे आणि दोन गाड्या फळे.

पुढे बर्फाचा डोंगर लागला. तो ओलांडायला सात दिवस लागले. बरोबरच्या दहा माणसांत तीन-चार या प्रमाणात माणसे थंडीने आणि उपासाने मेली. जनावरे त्याहून जास्त. डोंगर उतरल्यावर इसिक-कुल नावाचे मोठे सरोवर आले. तुर्की भाषेत याचा अर्थ उबदार तळे. ते भर हिवाळ्यातही गोठत नाही. त्या सरोवरापलीकडे सुयाब नावाचे शहर होते. त्याचे अवशेष आजच्या किर्गिझस्तानात तोकमोक गावाजवळ आहेत. तिथे उत्खननात बौद्ध विहारांचे अवशेष मिळाले, आणि २०१४ साली रेशीम मार्गावरील जागतिक वारशाच्या यादीत या जागेचे नाव गेले. इथेच इ.स. ६३० च्या सुमारास त्याची पश्चिम तुर्कांच्या प्रमुखाशी, म्हणजे कागानाशी, गाठ पडली.

तंबूतला दरबार

या भेटीचे वर्णन ह्युएन-त्संगाचा शिष्य हुई-ली याने गुरूच्या चरित्रात केले आहे. कागान शिकारीला निघाला होता. अंगात हिरव्या रेशमाचा झगा, केस मोकळे, कपाळाला लांबलचक रेशमी पट्टा. भोवती जरीचे कपडे घातलेले, वेण्या घातलेले दोनशे सरदार. त्यांच्या मागे लोकरी आणि कातडी कपड्यांतले, भाले आणि धनुष्ये घेतलेले स्वार. घोड्यांवर आणि उंटांवर इतके, की नजरेला शेवट दिसत नव्हता. दोन-तीन दिवसांनी कागान परतला आणि त्याने भिक्खूला आपल्या तंबूत बोलावले. तंबू सोनेरी फुलांनी सजवलेला होता. कागान स्वतः तीसेक पावले बाहेर चालत आला, त्याने वंदन केले आणि पाहुण्याला आत नेले.

आतली एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. हे तुर्क अग्नीला मानणारे होते. लाकडात अग्नी असतो, म्हणून ते लाकडाच्या आसनावर बसत नसत. जमिनीवर जाजम अंथरून बसत. परंतु भिक्खूसाठी त्यांनी मुद्दाम लोखंडी आसन मांडले आणि त्यावर गादी घातली. आपला नियम मोडला नाही आणि पाहुण्यालाही खाली बसवले नाही. जेवणाच्या वेळी इतरांच्या पुढे मटण आणि वासराचे मांस आले, मद्य आले, वाद्ये वाजू लागली. भिक्खूपुढे मात्र तांदळाच्या पोळ्या, साय, साखर, मध आणि द्राक्षे ठेवली. तो काय खातो, काय पीत नाही, याची आधी चौकशी झाली असल्याशिवाय असे ताट समोर येत नाही. जेवणानंतर कागानाने त्याला धम्म सांगण्याची विनंती केली. ह्युएन-त्संगाने शीलाविषयी, प्राणिमात्रांवर दया करण्याविषयी आणि पारमितांविषयी सांगितले. कागानाने हात उंचावून, डोके टेकवून तो उपदेश आनंदाने ऐकला.

याच कागानाची उन्हाळ्यात राहण्याची एक जागा होती. तिथे झरे पुष्कळ, झाडी दाट. त्या रानातल्या हरणांच्या गळ्यांत घंटा आणि कड्या बांधलेल्या होत्या. ती माणसाला भीत नसत. हरिण मारणाऱ्याला देहदंड, असा कागानाचा हुकूम होता. ही गोष्ट ह्युएन-त्संगाने स्वतःच्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे.

तुर्क सगळे साधुसंत होते, असे आम्ही म्हणत नाही. याच प्रवासात त्याला दोन हजारांवर तुर्क घोडेस्वार लुटारू आडवे आले होते. लुटीच्या वाटणीवरून ते आपसांतच भांडले आणि पांगले, म्हणून हा वाचला. चांगली आणि वाईट माणसे तंबूतही असतात आणि माडीतही असतात. सगळ्या जमातीला एका काठीने हाकू नये, एवढेच.

गंमत अशी की आपल्या देशाविषयी कागानाचे मत काही बरे नव्हते. तो म्हणाला, तिकडे जाऊ नका. तिथे भर थंडीतही आमच्या उन्हाळ्यासारखे उकडते, तुमचा चेहरा वितळून जाईल. तिथली माणसे काळी, अंगभर कपडे न घालणारी. त्यांच्यात पाहण्यासारखे काही नाही! शेतकऱ्याने भटक्याला रानटी म्हणावे आणि भटक्याने आपल्याला. न पाहिलेल्या माणसाविषयीचे मत हे असेच असते. ह्युएन-त्संगाने वाद घातला नाही. तथागतांच्या पाऊलखुणा पाहायच्या आहेत, एवढेच उत्तर त्याने दिले.

कागानाला ते पटले की नाही, कोण जाणे. पण पुढे त्याने जे केले ते फार महत्त्वाचे आहे. त्याने आपल्या फौजेत चिनी भाषा जाणणारा माणूस शोधायला लावला. चीनच्या राजधानीत काही वर्षे राहिलेला एक तरुण सापडला. त्याला भिक्खूबरोबर कपिशापर्यंत, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या मुलखापर्यंत, दुभाषा म्हणून पाठवले. वाटेतल्या राज्यांसाठी पत्रे लिहून दिली. भिक्खूला लाल रेशमी वस्त्रे आणि रेशमाचे पन्नास तागे दिले आणि सरदारांसह काही अंतर स्वतः पोचवायला गेला. एक दुभाषा आणि एक पत्र! परक्या मुलखात माणसाला यापेक्षा जास्त काय लागते?

तुर्क आणि धम्म

तुर्कांना धम्म तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता. त्यापूर्वी तास्पार कागानाच्या काळात (इ.स. ५७२ ते ५८१) गांधारचा जिनगुप्त नावाचा भिक्खू तुर्कांच्या आश्रयाला राहिला होता आणि निर्वाणसूत्राचे तुर्की भाषांतर त्या कागानाला पाठवले गेले होते. पुढे आठव्या शतकात बिल्गे कागानाच्या मनात आले की आपणही शहर बांधावे, बुद्धविहार उभारावेत. त्याचा म्हातारा प्रधान तोन्युकुक याने विरोध केला. त्याचे म्हणणे असे की, आपण थोडे आहोत, फिरतो म्हणून टिकतो. भिंतीत बसलो आणि सौम्य झालो तर शेजारी गिळून टाकतील. तो बेत राहिला. पण उइगूर नावाचे तुर्क लोक तुर्फानच्या बाजूला स्थिरावले आणि त्यांच्यात धम्म कित्येक शतके नांदला. शिंगको शेली तुतुंग नावाच्या उइगूर विद्वानाने तर ह्युएन-त्संगाचे ते चरित्रच तुर्की भाषेत आणले. ज्यांनी भिक्खूला वाट दिली त्यांच्याच भाषाबंधूंनी त्याची कथा जपली! आजही रशियातल्या तुवा प्रांतात तुर्की बोली बोलणारे, गुरे-मेंढरे पाळणारे लोक बौद्ध आहेत.

आम्हा कारकुनांना आवडेल असा एक शब्द जाता जाता सांगतो. मोगल अमदानीत फौजेचा पगार वाटणाऱ्याला बक्षी म्हणत. हा शब्द मध्य आशियातून आला. तिकडे बक्षी म्हणजे बौद्ध आचार्य. कोणी तो चिनी शब्दावरून आला म्हणतात, कोणी भिक्खूवरून. हे आचार्य लिहिणारे-वाचणारे होते, म्हणून पुढे लिहिणारा तो बक्षी झाला आणि शेवटी पगार वाटणारा. चकमक, कैची, तोफ हेही तुर्कीतून आलेले शब्द. आपल्या परांडा किल्ल्यावर असलेली आणि १६३२ साली विजापूरला नेलेली मुलुख-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली, ती महंमद बिन हसन रूमी याने. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. गोवळकोंड्याचा पहिला कुतुबशहा तर कारा-कोयुनलू टोळीचा. या नावाचा अर्थच काळ्या मेंढ्यांवाले असा आहे. मेंढपाळांची पोरे दख्खनचे राजे झाली, तेव्हा त्यांना पाल कुठे होते असे कोणी विचारले नाही.

तो आपल्या मुलखात आला

नालंदेच्या मुक्कामानंतर फिरत फिरत ह्युएन-त्संग इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचे राज्य होते. शंभरावर विहार आणि पाच हजारांवर भिक्खू इथे असल्याचे त्याने लिहिले. डोंगरात कोरलेल्या ज्या भव्य विहाराचे त्याने वर्णन केले, ते अजिंठ्याचे मानले जाते.

त्याच्या पुस्तकात आपल्या तेरचे नाव नाही. पण धाराशिवपासून विसेक किलोमीटरवरचे, तेरणाकाठचे हे गाव त्याच्याही आधी सहा-सात शतके जगाच्या वाटेवर होते. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात तगर नावाने ते येते. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचे हे शहर, आणि तिथले कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाते, असे त्यात आहे. तगर म्हणजे तेर, हे १९०१ साली फ्लीट साहेबांनी दाखवून दिले. तिथे उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. त्रिविक्रमाचे मंदिर मुळात बौद्ध चैत्य असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. गावच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू ठेवल्या आहेत. मुलांना एकदा तरी तिथे न्यावे. हा सगळा व्यापार आणि हा धम्म गाडीवानांच्या, लमाणांच्या, मुक्काम हलवत राहणाऱ्यांच्या पायांनी चालला, हेही त्यांना सांगावे.

इथल्या माणसांविषयी ह्युएन-त्संगाने काय लिहिले? ती साधी, सरळ आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. आणि संकटात सापडलेला कोणी मदत मागायला आला तर स्वतःचे भान विसरून धावून जातात. तेराशे ऐंशी वर्षांपूर्वी एका परदेशी पाहुण्याने आपल्याला दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे.

आता १ जुलै २०१८ चा दिवस आठवा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे, बहुतेक आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली, भिक्षा मागत तिथे गेली होती. मुले पळवणारी टोळी आली, अशी अफवा होती. जमावाने त्यांना ठेचून मारले. पाचही जण गेले. त्यांच्यासाठी ना दुभाषा होता ना पत्र होते. ते प्रशस्तिपत्र त्या दिवशी आपण महाराष्ट्राने आपल्या हाताने फाडले.

फिरणारा माणूस म्हणजे चोर, हा संशय जुना आहे. इंग्रजांनी १८७१ साली त्याचा कायदाच केला आणि जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणात कोंडली. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कुंपण गेले, संशय राहिला. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात मांडले की, समाज आधी गुराढोरांमागे फिरता होता. काही टोळ्या शेतीवर स्थिरावल्या, आणि फुटून विखुरलेली माणसे त्यांच्या गावाबाहेर राहिली. अस्पृश्यांचे मूळ त्यांनी त्या गावाबाहेरच्या वस्तीत शोधले. मग गावाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला हवे का? माळावरचे पाल आपल्या वस्तीपासून बहुधा सर्वांत जवळ असते. तिथली पोरे आपल्या विहाराच्या अंगणात खेळायला आली तर आपण त्यांना बसवून घेतो की हुसकून लावतो, हे ज्याने त्याने मनाशी पाहावे.

कागद कोणी कोणाला द्यायचा?

कागदाशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून कागदाचेच बोलतो. भटक्या-विमुक्तांना जातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. एक गृहस्थ मुलीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालून थकले होते. त्यांनी आम्हाला विचारले, "साहेब, माझा आजा दर आठ दिवसाला नवीन गावाच्या शिवेला झोपत होता. त्याचा पुरावा कोणता तलाठी देणार?" याला उत्तर नाही. तंबूत राहणाऱ्या राजाने घर सोडून आलेल्या भिक्खूला कागद दिला. आणि घरात राहणारे आपण तंबूत राहणाऱ्याकडे कागद मागतो आहोत!

नुसती हळहळ करून काय होणार? करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाचा शाळाप्रवेश नाकारता येत नाही. आपल्यात शिक्षक आहेत, शाळा समितीवरचे पालक आहेत. त्यांनी हे कलम पाठ करावे. ऊसतोडीला किंवा फिरस्तीला जाणाऱ्या मुलाला शाळेने 'शिक्षण हमी पत्रक' द्यावे, म्हणजे पुढच्या गावची शाळा त्याला बसवून घेते, अशी पद्धत शासनाने घातलेली आहे. हे पत्रक निघते की नाही, ते पाहावे. शाळेत एकदा नाव लागले की पहिला कागद तयार होतो आणि नातवाच्या वेळी तोच पुरावा होतो. दाखल्यासाठी धडपडणाऱ्या कुटुंबाबरोबर आपल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने चुलत्या-मालत्यांचे शाळेचे जुने दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधायला जावे. कचेरीतली भाषा त्यांना समजावून सांगणारा एक माणूस बरोबर असला की निम्मे काम होते. दुभाषा म्हणजे तरी दुसरे काय?

तुळजापूरची नवरात्र किंवा येरमाळ्याची यात्रा आली की आपल्या जिल्ह्यात गोंधळी, पोतराज, वैदू, डवरी अशी किती माणसे येऊन जातात. त्यांचे मुक्काम आपल्याला ठाऊक असतात. या वर्षी प्रत्येक गावातल्या आपल्या मंडळींनी एका तरी पालावर जावे, त्यांची मुले किती, शाळेत किती, याची वहीत नोंद करावी आणि त्यातल्या एका तरी मुलाचे नाव शाळेच्या हजेरीपटावर लावून यावे. मोबाइलवर मुले पळवणाऱ्यांची अफवा आली तर ती पुढे ढकलू नये. आधी पालावर जाऊन माणसांची नावे विचारावीत. घरातल्या बायकांनी ह्युएन-त्संगाची गोष्ट मुलांना सांगताना ते लोखंडी आसन आणि द्राक्षांचे ताट विसरू नये. पाहुण्याचा मान राखायला महाल लागत नाही, तंबूही पुरतो, हे लहानपणी कळले तर मोठेपणी हातात दगड येणार नाही.

जयभीम!